एक गुरू, दोन लघू

पुन्ता अरेनासला वारा दार वाजवत नाही,
सरळ घरात राहायला येतो.
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर ताणलेले असतात, धरून चालायला.
अशा गावात कानांवर पोट भरायचं
हा एलेउतेरियो ओयार्सोचा हट्टच म्हणायचा.

एकतीस वर्षं तो जहाजांवर तारयंत्री होता,
रात्रपाळीला कडकट्ट ऐकत.
मग जहाजांनी तार सोडली, उपग्रह धरला,
आणि हा पत्र्याच्या खोलीत संगणक उघडून बसला.
‘काम तेच,’ म्हणाला,
‘फक्त बुडणारे आता टेबलावर मावतात.’

बटण दाबलं की यंत्र आधी स्वतःलाच चाचपतं,
पडद्यावर एकही अक्षर उमटायच्या आत.
एक आखूड बीप: सगळं ठीक, निघा.
लांब, लांब, लांब, थांबायचं नावच नाही:
रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नाही.
पाच आखूड म्हणजे प्रोसेसर.
इथे तो डोक्यावरची लोकरी टोपी काढायचा.
कंपनीगणिक बोली बदलते, हेही बजावायचा,
सामुद्रधुनीपलीकडचे नाही का,
आपल्याच शब्दांत आपल्याला न कळणाऱ्या शिव्या देतात.

आणि काहीच नाही, नुसता पंखा फिरतोय,
याची मात्र त्याला धास्ती.
समुद्रावरही तीच होती.

यास्ना म्लादिनिच त्याच्या हाताखाली आली तेव्हा
शेगडीवरची किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडली होती.
तिने उतरवली. बोलली नाही.
पुढे दाराची घंटा गेली, मग पाखरं,
मग तो गिऱ्हाइकाकडे उजवा कान करून बसायला लागला,
जसं काही तिकडूनच ऊन येतं.

ऑगस्ट. पाचलाच काळोख.
नोल्फा वेंचूर खेकडेवाल्यांच्या सोसायटीचा संगणक
घोंगडीत गुंडाळून घेऊन आली, तान्ह्यासारखा.
आत अख्ख्या हंगामाची वजनं,
कुणाचे किती किलो, कुणाला किती देणं.
‘याची नक्कल?’
‘उद्या करणार होतो,’ नोल्फा म्हणाली.

नव्या बोर्डांना तोंडच नसतं.
त्याने खणातून शर्टाच्या बटणाएवढा स्पीकर काढला,
तांबडी-काळी वायर चार पिनांवर बसवली
आणि वीज दिली.

यास्नाला स्वच्छ ऐकू आलं.
तो पंख्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.
मोठ्याने सांगता आलं असतं,
पण नोल्फा उभी होती.
यास्नाने त्याचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं,
आणि दोन बोटांनी दाबलं:
एकदा लांब. मग आखूड, आखूड.

आमच्या शाळेत याला भगण म्हणत,
एक गुरू, दोन लघू, आणि चुकलं की छडी.
त्या खोलीत हे कुणाला ठाऊक नव्हतं,
कुणाचं अडलंही नव्हतं.

‘डिस्प्ले कार्ड,’ तो नोल्फाला म्हणाला,
आपणच ऐकल्यासारखा.
कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात
पेन्सिलच्या खोडरबराने घासले,
परत अंगठ्याने रेटलं. खटका बसला,
तो त्याला अंगठ्यातून कळला.

पुन्हा बटण.
नेमका त्याच क्षणी वाऱ्याने छपराचा पत्रा
असा काही हाणला की यास्नालाही काही कळलं नाही.
तिची बोटं मनगटावर तशीच. तो वाट बघतोय.
ती काय दाबणार?

‘आलं,’ मागून नोल्फा म्हणाली.
पडद्यावर नावं, नावांपुढे किलो.
तिने पिशवीतून दोन गोठलेले खेकडे काढून
टेबलावर ठेवले, हिशेबाचे वेगळे.

‘बंद कर,’ एलेउतेरियो म्हणाला.
‘अहो, चालू झालाय!’
‘बंद कर. मला ऐकायचाय.’

धडधाकट यंत्र बंद केलं.
त्याने टोपी काढली, वाकला,
पेटीच्या थंड पत्र्याला कपाळ टेकलं.
वारा जरा दम खाईपर्यंत यास्ना थांबली,
मग तिने बटण दाबलं.